अडुसष्ट मेंढरं

"मेंढरं किती तुमची?" साहेबानं विचारलं आणि आमच्या मेंढपाळानं छाती फुगवून सांगितलं, "अडुसष्ट. सगळी माझीच."

आता काय म्हणावं या माणसाला. त्यातली त्याची नऊ. बाकीची गावातल्या चौदा घरांनी त्याच्याकडं सांभाळायला दिलेली. पाच माझी, लोहाराची. पण जे कोकरू याच्या हातावर जन्मलं, याच्या खांद्यावर बसून ओढा ओलांडून आलं, ते त्याच्या लेखी त्याचंच. तीस वर्षं तो असंच म्हणायचा, आणि आम्हालाही बरं वाटायचं, मेंढरं जिवापाड सांभाळायचा ना.

साहेब आला होता मेंढपाळाच्या पोरीच्या फीमाफीच्या चौकशीला. पोरगी हुशार. कळपामागं पुस्तक घेऊन हिंडली आणि विद्यापीठात जनावरांच्या डॉक्टरकीला तिचा नंबर लागला. अर्जात तिनं नऊ लिहिली होती. साहेब अडुसष्ट लिहून गेला.

शुक्रवारी कागद आला. फीमाफी नामंजूर. हरकत असेल तर सोमवारी पाचच्या आत, मेंढरांच्या मालकांच्या सह्यांसकट. नाहीतर पूर्ण फी भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नऊच्या नऊ विकली असती तरी सहा महिन्यांची फी निघाली नसती.

शनिवारी बापलेक घरोघर फिरले. माझ्या भट्टीपाशी आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

"काका, पाच तुमची आहेत, एवढंच लिहून द्या," पोरगी म्हणाली.

माझ्या घरी स्वस्त धान्य येतं ते 'जनावर नाही' असं लिहून दिलंय म्हणून. चौदाही घरांची तीच गत. मी लोखंड उगाच उलटंपालटं केलं.

"सोमवारी बघू, बाळ."

"सोमवारी पाचला बंद होतंय, काका."

"बघू म्हटलं ना."

बाप मधे पडला. "चल गं. लोहाराला काम आहे." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

सोमवारचे पाच वाजून गेले. गावानं काखा वर केल्या, मीही केल्या. पोरगी रडली नाही म्हणतात. बापच कळपात बसून रडत होता. "मी माझीच म्हणालो गं. मला दुसरं म्हणताच येत नाही."

मंगळवारी सकाळी तो मेंढरं घेऊन दारोदार आला.

"ही पाच तुझी."

"अरे, असं काय करतोस? कुठं ठेवू मी?"

"तुझी आहेत ना?"

रस्त्यावर चार माणसं ऐकत उभी होती. मी भट्टीकडं वळलो. तो मेंढरं खुंट्याला बांधून गेला.

दिवसभर गावात नुसती बें बें चालली होती. सांजेला कळप परतायच्या वेळी कुणाची दावी तुटली, कुणाची कुंपणं मोडली. माझ्याही पाचांनी दावी कुरतडली आणि वाट धरली. मी मागं पळालो.

पोरगी त्यांच्या फाटकात उभी होती. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून आत घेत होती.

"अडुसष्ट, बाबा. सगळी आली."

आतून बापाचा आवाज आला. "लंगडीचा खूर बघ."

पोरगी खाली बसली. लंगडीचा पाय मांडीवर घेतला आणि काडीनं खुरातला चिखल काढू लागली. हलक्या हातानं, नीट, एखाद्या डॉक्टरनं काढावा तसा.

मी मागं फिरलो. ती लंगडी माझी होती.