पाच नंबरची घंटी

“स्क्रू तुम्ही धरायचे,” त्येर्ड बांगमाने बशी पुढे सरकवली. “इथला नियम आहे. वस्तू आणणाऱ्याने शेजारी बसायचं. टाकून बाजारात जाता येत नाही.”

“मी बसायलाच आलेय,” सीत्स्के विआर्डा म्हणाली.

हार्लिंगन गावात चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी दुरुस्ती चालते. टोस्टर येतात, शिलाई मशीन येतात. ज्यांना खरं तर नवरा दुरुस्त करून हवा असतो, अशा बायकांचे दिवे येतात. त्येर्डच्या वाट्याला जुने संगणक. म्हणजे बहुधा काहीच नाही. कॉफीवाली औक्ये माणशी एक बिस्किट देऊन डबा बंद करते, आणि त्येर्डला तेही जास्तच होतं असं तिचं मत होतं.

आज मात्र सीत्स्केने दोन संगणक आणले होते. छोटा तिचा, उंच करडा तिच्या नवऱ्याचा, रोमर्टचा. रोमर्टला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. उंच मशीनच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आपण उघडलेल्या प्रत्येक मशीनवर त्येर्ड बायकोच्या बाटलीतला असा ठिपका द्यायचा. त्याने तो अंगठ्याने झाकला.

“शेवटचं तुम्हीच उघडलंत,” ती म्हणाली.

“असेल.”

“असेल काय? चौदा जानेवारी, दुपारी तीन. दार मी उघडलं. तुम्ही बूट न पुसता वर गेलात.”

सत्तावीस वर्षं बूट लक्षात ठेवणारी माणसं या फ्रिसलंड प्रांतातच पिकतात. त्येर्ड खाली मान घालून स्क्रू काढत राहिला.

“त्या हिवाळ्यात आम्ही बोलत नव्हतो,” ती बशीतल्या स्क्रूंना सांगू लागली. “होडी विकण्यावरून. तो वर, मी खाली, मधे ही वायर. लिहायचो. ‘बटाटे संपले.’ ‘तुझ्या बहिणीचा फोन.’ तुम्ही येऊन गेलात त्याच संध्याकाळी मी लिहिलं, वाटाण्याचं सूप केलंय, खाली ये, पुरे झालं आता. तो आला नाही. सकाळी बघते तर खुर्चीतच गेलेला. मला एवढंच कळू दे. पत्र मिळूनही आला नाही, की मिळालंच नाही?”

“आता कळून काय करणार?”

“मिळालं नसेल तर त्याच्याशी बोलायला लागेन. नाही तर त्याचा विचारही बंद करेन.”

दोन्ही मशीनं कुरकुरत उठली. दोघांच्याही घड्याळांची बॅटरी कधीच मेली होती. दोघंही छातीठोकपणे १ जानेवारी १९८० ही तारीख सांगत होती. वायर मात्र मुकी. त्येर्डने नेटवर्क कार्ड उपसलं, त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं. वायर बदलली. काही नाही. मग त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि शेजारच्या कार्डाकडे पाहिलं.

संगणकात प्रत्येक कार्डाला हाक मारायला स्वतःच्या नंबराची घंटी लागते. जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी तांदळाच्या दाण्याएवढी टोपी, कुठे बसवली आहे, त्यावर नंबर ठरतो. नेटवर्क कार्डाचा नंबर पाच होता. शेजारच्याचाही पाच. एकाच घंटीवर दोघं टेकले की एकाचं ऐकू येत नाही.

“ते कसलं?” सीत्स्केने विचारलं.

“आवाजाचं.”

“त्याला आवाज कशाला हवा होता? गप्प बसायला तर वर गेला होता.”

त्येर्डला तेव्हाचा रोमर्ट दिसला. खिडकीशी, पडद्याला पाठमोरा, लाकडाची बोटभर जहाजं कोरत बसलेला. ‘तिचं पत्र आलेलं मला कळत नाही रे. आलं की वाजेल असं काही कर.’ त्येर्डने कार्ड बसवलं, दोनदा वाजवून दाखवलं, कॉफी घेतली आणि तो गेला. बसवलेली वस्तू तपासली. आधीपासून चालत होती ती तपासली नाही. या धंद्यात ही चूक सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवर शिव्या देतं आणि ती सुधारते. त्या वेळी फोन आला नाही, तेव्हा काम चोख झालं असं त्याने धरलं.

‘गंज चढलाय’ एवढं आता खोटंच म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“मिळालं नव्हतं,” तो म्हणाला. “माझ्यामुळे.” आणि त्याने सगळं सांगितलं, पाठमोरं बसणंसुद्धा.

सीत्स्के बशी मांडीवर धरून बसून राहिली. औक्ये किटली घेऊन आली, दोघांकडे पाहिलं, डबा उघडून टेबलावर ठेवला आणि तसाच सोडून गेली.

“बदला नंबर,” सीत्स्के शेवटी म्हणाली.

त्येर्डने आवाजाच्या कार्डाचा जंपर चिमट्याने उचलून सातवर बसवला. मशीन पुन्हा उठलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उंच संगणकातून टिंग असा आवाज आला. सत्तावीस वर्षं छोट्या मशीनमध्ये अडकलेलं पत्र वर पोचलं होतं. सूप. खाली ये. पुरे झालं आता. त्याखाली एक चौकट उघडली: पाठवणाऱ्याने पोच मागितली आहे. द्यायची?

“पोच मीच मागितली होती,” सीत्स्के म्हणाली. “रागात होते ना.” तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. “तुम्ही दाबा. काम तुमचं राहिलंय.”

त्येर्डने बटण दाबलं. छोट्या पडद्यावर एक ओळ उमटली: रोमर्ट यांनी आपलं पत्र वाचलं, १ जानेवारी १९८०.

तिने ती दोनदा वाचली. मग बशी खाली ठेवली, आपली खुर्ची छोट्या संगणकापुढे ओढली आणि दोन बोटांनी, घाई न करता, पुढचं पत्र लिहायला घेतलं. त्येर्ड उंच मशीनसमोरून उठला. खुर्ची मात्र त्याने तिथेच राहू दिली, पडद्याकडे तोंड करून.