ट्रकवरची भारतमाता

डोंबिवलीत आमच्या भागात दर एक मेला महाराष्ट्र दिनाची मिरवणूक निघायची. शहाऐंशी साली भाऊ करंदीकरांनी चंगच बांधला होता, आपल्या सोसायटीचा चित्ररथ सगळ्यांत उंच असला पाहिजे. ट्रकवर फळ्या आणि पुठ्ठ्याचा किल्ला उभा राहिला. बुरुजावर भारतमाता म्हणून कॉलेजात शिकणारी उत्तरा. तिच्या मागे झेंड्याचा उंच लोखंडी पाइप. तोल जाऊ नये म्हणून भाऊंनी तिला कमरेला नायलॉनच्या दोरीने त्या पाइपालाच बांधलं.

"भाऊकाका, फार घट्ट होतंय."

"पडलीस तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

मुख्य रस्ता गटारासाठी खणलेला, म्हणून मिरवणूक ऐन वेळी मागच्या गल्लीत वळली. वळणाच्या पुढेच उत्तराला विजेची तार दिसली. दोन खांबांच्या मधे झोळीसारखी लोंबलेली. पाइप सरळ त्या तारेवर जाऊन आदळणार होता.

"थांबा! गाडी थांबवा!"

खाली ढोल-ताशे, लेझीम. लोकांना वाटलं, भारतमाता घोषणा देतेय. "जय!" अख्खी गल्ली ओरडली. तिने जिवाच्या आकांताने हात हलवले, तर गॅलरीतल्या बायकांनीही हसून हात हलवले.

गाठ पाठीमागे होती. बोटं पोचत होती, पण गाठ हलत नव्हती. तिला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तार जवळ येत होती. तिने मुकुटाला हात घातला. पिनांसकट केस उपटले गेले. सगळा जोर लावून तिने तो केबिनवरून पुढे भिरकावला.

मुकुट काचेवर आपटला. ड्रायव्हर गणूने करकचून ब्रेक दाबला. उत्तरा पुढे झोकली गेली, दोरी पोटात रुतली. पाइप आणि तार यांच्यात हातभर अंतर उरलं.

"अगं, मुकुट फेकतेस? लोक बघतायत!" भाऊ धावत आले.

तिने नुसतं बोट वर केलं.

भाऊंनी वर पाहिलं. एकेक ढोल थांबत गेला.

गणूने ट्रक हळूहळू मागे घेतला. मग भाऊ स्वतः वर चढले, पण त्यांनाही गाठ सुटेना. शेवटी गणूने सुरीने दोरी कापली. खाली तिची मोठी बहीण हेमा उभी होती. उत्तरा उतरून तिच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"पाइप काढून टाकतो," भाऊ चाचरत म्हणाले. "मग... चढशील ना पुन्हा?"

भाऊंना सोसायटीत कुणी नाही म्हणत नसे.

"नाही. मी चालत येते."

रिकामा किल्ला पुढे निघाला. मागे विस्कटल्या केसांची उत्तरा, हेमाचा हात धरून. भाऊ मात्र आता ट्रकच्याही पुढे चालत होते. प्रत्येक खांबापाशी थांबत, मान वर करून बघत, मगच गणूला हाताने खूण करत.