कॉलेजच्या मोडावर

कॉलेजच्या मोडावर, रूळ वळत तिथे, ड्रायव्हर संभाजीराव संस्थानची छोटी रेल्वेगाडी धीमी करायचे आणि आमचे हे छत्री बगलेत मारून ऐटीत खाली उतरायचे. संस्कृतचे मास्तर, नजर अधू; पण पुढच्या स्टेशनावर उतरून तेवढं मागे चालत येणं यांना कमीपणाचं वाटे. संस्थान होतं तोवर हे खपलं. संस्थान विलीन झालं, गाडीही दिल्लीच्या सरकारची झाली, तरी यांचा मोड काही सुटला नाही.

त्या सकाळी इंटरच्या परीक्षेला मीही निघाले. हे पुरुषांच्या डब्यात चढले, मी मागच्या बायकांच्या. गाडी हलली आणि फलाटावर संभाजीराव दिसले, अंगात साधा सदरा.

"बाईसाहेब, आजपासून ड्यूटी दुसऱ्याची आहे. तो मोडावर धीमी नाही करणार. मास्तरांना बोलून ठेवा."

कसं बोलणार? एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाटच नव्हती. पाठ केलेलं सगळं विसरले. आज तरी यांना डुलकी लागू दे, म्हणून देवाला विनवलं. डुलकी कसली? मोड आला आणि पुढच्या दारात छत्री दिसली. गाडीचा वेग तसूभरही कमी होईना. खाली खडी होती, पुढे लोखंडी खांब.

"अहो!" मी खिडकीतून ओरडले. "अहो, उतरू नका!"

चार पुरुषांनी माना बाहेर काढल्या. सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो. आमचे मात्र पायरीवर एक पाय ठेवून, मान आत वळवून कुणाला तरी काहीतरी समजावत होते. मला भीतीने घाम फुटला आणि रागही आला.

यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं. बायकोने एरवी नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगत आणि मी ते खरं मानत होते.

यांनी दुसरा पाय उचलला.

"लक्ष्मीकांत!"

हे जागच्या जागी थिजले. दांडीला घट्ट धरून मागे बघत राहिले. छत्री तेवढी खाली पडली आणि खांबावर आपटून मोडली.

स्टेशनावर हे माझ्यासमोर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"नाव घेतलंस."

"घेतलं." मला रडू फुटलं. "आता तुमचं आयुष्य कमी होईल हो."

भर फलाटावर यांनी माझा हात धरला.

"होऊ दे कमी," म्हणाले. "आत्ता तर संपलंच होतं."