दुसरी बाटली

फुलपात्र फरशीवर पडलं आणि गरगरत कोपऱ्यात जाऊन थांबलं. भरदुपारी घरात तेवढाच आवाज झाला. माझे यजमान रविराज सणसवाडीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. माझी लेक दीक्षा भिंतीकडं तोंड करून पडली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला पाणी पाजायला वाकल्या होत्या. त्यांच्याच हातातून ते सुटलं.

"सुषमा, हिकडं ये. पोरीचं अंग बघ, तव्यावानी तापलंय. आन् ही आशी येकाच कुशीवर का पडलीय?"

मी तिला उताणी केली, फ्रॉक वर केला. छातीची डावी बाजू भराभर हलत होती, उजवी जेमतेम. पाच वर्षांची पोर, पण कण्हत नव्हती की रडत नव्हती. रडायलाही श्वास लागतो.

आत्यांनी पदरानं तिचं कपाळ पुसलं. "म्याच केलं गं हे. परवा बाजारात बर्फाचा गोळा मागितला तिनं. नुकतीच तापातनं उठलीय, हे ध्यानातच न्हाई राहिलं. म्या दिला."

मी पोरीला उचललं.

खरं तर त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर दौंडचं माहेरचं घर आलं होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी दीक्षाला न्यूमोनिया सांगितला, तेव्हा पातळ औषधाच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. एकेक बाटली पाच दिवसांची. "ताप गेला तरी दुसरी द्यायचीच," असं दोनदा बजावलं होतं. ताप तिसऱ्या दिवशी गेला. पाचव्या दिवशी पहिली बाटली संपली आणि आम्ही दौंडच्या एसटीत बसलो. तिथं माझा भाचा रुद्र खोकत होता.

"वन्सं, तुमची पोरगी तर हरणावानी पळतीय," प्रगतीवहिनी म्हणाली. "आमच्या ह्याला चार दिस झाले, छाती नुसती घुरघुरतीय. काय दिलंत हिला?"

मी पिशवीतून दुसरी बाटली काढली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"आन् दीक्षाला नको व्हय?"

"तिला काय झालंय आता?"

दादा ड्युटीवर निघाला होता. दारातनंच हसला. "आमची सुशी डॉक्टरीण झाली की."

मला फार बरं वाटलं. माहेराहून नेहमी पिशवी भरूनच न्यायची. द्यायला माझ्याकडं काही असण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुण्याच्या दवाखान्यात दीक्षाच्या बरगड्यांमधून नळी घातली. तिचं दुसरं टोक कॉटखालच्या बाटलीत. छातीत पू झाला होता. पहिले दोन दिवस तो आला, मग यायचा थांबला, ताप मात्र तसाच. आठव्या दिवशी सर्जननी मला एकटीला आत बोलावलं. छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला.

"पू घट्ट झालाय, नळीतनं येत नाही. फुप्फुसावर त्याची जाड साल बसलीय. आतलं फुप्फुस बरंचसं चांगलं आहे, पण त्याला फुगताच येत नाही. छाती उघडून ती साल सोलून काढावी लागेल. न्यूमोनियाच्या फार थोड्या पोरांवर ही पाळी येते." मग त्यांनी कागद पुढं ओढला. "शिरूरचं औषध दहा दिवस पूर्ण दिलं होतंत ना?"

इथं आल्या दिवशी मी "हो" सांगितलं होतं. तसं त्या कागदावर लिहिलेलंही होतं.

"पाच दिवस," मी म्हणाले. "दुसरी बाटली भाच्याला दिली."

त्यांनी आधीचं खोडलं, पाच लिहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्यानंच झालं का, डॉक्टर?"

"तसं ठामपणे सांगता येत नाही. पूर्ण देऊनही कधी कधी होतं. पण द्यायला हवं होतं." पेनाला टोपण लावता लावता ते म्हणाले, "आणि बाहेर आजी बसल्यात ना, त्यांना सांगून टाका, बर्फाच्या गोळ्यानं हे होत नाही. सिस्टरला दहा वेळा विचारलंय त्यांनी. उगाच जिवाला लावून घेतलंय."

"सांगते," मी म्हणाले.

बाहेर आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी ऑपरेशनचं सांगितलं. गोळ्याचं ओठांपर्यंत आलं होतं. पण ते सांगितलं की आत्या विचारणार, मग कशानं गं? आणि त्यावर माझ्याकडं एकच उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाला आत नेलं. दोन तास गेले, तीन झाले. आत्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

"सुषमा, येकदा तरी बोल मला. रविराज बी गप, तू बी गप. शिव्या दे, पर बोल."

"जाऊ द्या आत्या," मी म्हणाले. "तुम्ही काय मुद्दाम दिलात का?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. बाजूच्या बाईला म्हणाल्या, "लेक आसती तरी येवढं मोठं मन दावलं नसतं तिनं." मी तो हात तसाच राहू दिला. त्यांनी जे केलंच नव्हतं, त्याची मी त्यांना माफी दिली होती.

दीक्षा वाचली. आता साडेचार महिने झाले. उजव्या काखेखाली वीतभर लांब व्रण आहे. अंगणात पळते, दम लागला की कमरेवर हात ठेवून उभी राहते, पुन्हा पळते. रुद्र तर तेव्हाच बरा झाला होता. वहिनी अजून त्या औषधाचं नाव काढते.

काल मी भाकरी थापत होते. आत्या उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या ओल्या शेंगा फोडत होत्या. दीक्षा जाऊन त्यांच्या मांडीशी बसली आणि तिनं आ केला. आत्यांचा दाणे धरलेला हात अर्धा वर आला आणि तिथंच थांबला.

"आईकडनं घे जा," त्या म्हणाल्या. दाणे ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडं सरकवली. "सुषमा, बघ गं, हिला चालतंय का. मला काय कळत न्हाई." आणि उठून परसात निघून गेल्या.

ताटली तशीच ठेवून दीक्षा माझ्याजवळ आली. पीठ लागलेल्या माझ्या मनगटाला धरून हळूच म्हणाली, "आई, आजी मला तिच्या हातानं काहीच का गं देत नाही?"