घोड्यामागचं पाणी

पाच वर्षं वितोमीर फक्त मरत होता. जर्मन सिनेमावाली मंडळी सर्बियातल्या घळींत अमेरिकेचं रान उभं करत, आणि वितोमीर त्या रानात गोळी लागून, बाण लागून, कड्यावरून कोसळून मरे. पडद्यावर त्याची फक्त मरती पाठ दिसे, चेहरा मात्र नायकाचा.

आज नायकच नव्हता. तो भांडून बर्लिनला परतला होता, आणि दिग्दर्शक लोथारसाहेबांनी वितोमीरला घोड्यावर बसवलं होतं. तंबूंमधून कॅमेऱ्याकडे दौडत यायचं आणि ओढ्यावरून झेप घ्यायची. झेपेची कुणाला चिंता नव्हती. पण कॅमेरा समोर आला की त्याच्या चेहऱ्याचा दगड होई. सकाळपासून तीनदा झाला होता. आता उन्हं कड्याला टेकली होती. ही शेवटची खेप. जमलं तर रेड इंडियन टोळीप्रमुखाची, म्हणजे नायकाची, भूमिका त्याची, नाही तर उद्यापासून पुन्हा मरण.

डोंगरापलीकडून चीजची पोळी घेऊन आलेली त्याची आई, कोसारा, तंबूमागे बसून हे सगळं बघत होती. पोरगं एवढ्या मोठ्या कामाला निघालंय आणि मागे कुणी शकुनाचं पाणी ओतत नाही, हे काही तिला बघवेना. शाळेच्या परीक्षेला, सैन्यात जाताना, प्रत्येक वेळी तिनं उंबऱ्यातून पाणी ओतलं होतं.

इशारा झाला. घोडा दौडला. आणि मागे छपाक्!

वितोमीरनं तो आवाज ओळखला. मागे वळून बघायचं नसतं, हेही त्याला ठाऊक होतं. पण छातीतली गाठ सुटली, ओठ आपसूक हलले, डोळ्यांत सकाळ उतरली. ओढा खालून चांदीसारखा सरकला आणि घोडा पलीकडे टेकला.

टाळ्या नाहीत. तंबूंच्या मधोमध, ऐन कॅमेऱ्यासमोर, काळ्या रुमालातली म्हातारी, हातात तांब्याची कळशी. साहेबांचा मदतनीस डोक्याला हात लावून बसला. अमेरिकेच्या रानात ही कोण, असं त्यानं विचारलं.

लोथारसाहेब सावकाश तिच्यापाशी गेले. हे काय केलं, असं विचारलं. वितोमीर धावत आला आणि धापा टाकत दोघांमध्ये दुभाष्या झाला.

"आई म्हणते, जाणाऱ्याचं काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं."

साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे बोट केलं.

"हाच चेहरा," ते म्हणाले. "हाच मला सकाळपासून हवा होता. भूमिका तुझी. आईलाही टोळीत घ्या, शाल द्या, वेण्या घाला. ऊन आहे तोवर पुन्हा घेऊ."

वेण्या घालून घेताना कोसारा कुरकुरली, पोळी गार होतेय म्हणाली. मग हळूच लेकाला जवळ ओढलं.

"काय रे, ह्यात तू मरत नाहीस ना?"

"नाही गं आई. ह्या खेपेला नाही."

तिनं ओढ्यावरून कळशी भरून आणली. वितोमीर घोड्यावर चढला, आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघत मागच्या पाण्याची वाट पाहू लागला.