लंगड्या बगळ्यातली सहा डोकी

विल्फ टॅपस्कॉटनं एकतीस वर्षं लंडनची बस चालवली, आणि एवढ्या वर्षांत उतारूंशी तो सगळी मिळून दहा वाक्यंसुद्धा बोलला नसेल. त्यातली निम्मी तर 'आत सरका' हीच. अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. आणि अशा माणसावर त्या रविवारी संध्याकाळी एका पबात बसून परक्या लोकांना 'नाटकाला चला हो' म्हणायची पाळी आली. आता बोला.

पब इझलिंग्टनच्या कालव्याला अगदी खेटून होता. नाव 'लंगडा बगळा'. खाली बार आणि वर चाळीस खुर्च्यांचं नाट्यगृह. विल्फची मुलगी ट्रूडी तिथं काम करत होती आणि आज शेवटचा प्रयोग होता. हे तिनं बापाला कळवलं नव्हतं. कळवलं ते मेव्हणीनं, पेगीनं, सकाळी फोन करून. वर असंही सांगितलं, की पोरगी आजच्यानंतर नाटक कायमचं सोडतेय आणि उद्यापासून स्विंडनला एका विम्याच्या कचेरीत चिकटतेय.

अकरा वर्षांपूर्वी ट्रूडीनं बँकेतली नोकरी सोडली, तेव्हा विल्फ तोंडाला येईल ते बोलला होता. "लोकांपुढं तोंड रंगवून नाचणार तू, आणि आम्ही टाळ्या पिटायच्या होय?"

"नको पिटूस," ट्रूडी म्हणाली होती.

तरी पहिली दोन वर्षं ती तिकिटं पाठवायची. विल्फचा कधी गुडघा दुखायचा, तर कधी बागेतल्या टोमॅटोंना एकटं सोडवायचं नाही. मग तिनं पाठवायचं बंद केलं. नाताळला जेवायला यायची, हवापाण्याचं बोलायची, भांडी घासून जायची. पण त्या सकाळी पेगीचा फोन ठेवल्यावर विल्फ बागेत गेलाच नाही. आपली पोर काय करते ते आपण एकदाही बघितलं नाही, आणि आज चुकलं तर कधीच बघायला मिळणार नाही, हे त्याला चांगलंच झोंबलं. मग त्यानं ठरवलं, की मागं अंधारात बसायचं, डोळे भरून बघायचं आणि तिच्या नजरेस न पडता सटकायचं.

साडेपाचलाच स्वारी बारपाशी हजर. बार सांभाळायची ती ग्लेनिस, वेल्सकडची, दणकट बाई. तिकिटंही तीच विकायची.

"एक द्या. अगदी मागच्या ओळीतलं."

"अरे राजा, बस की कुठंही! नाटक होतंय की नाही याचाच पत्ता नाही, आणि तू ओळी कसल्या निवडतोस?"

"म्हणजे?"

"काम करणारी माणसं सहा. बघणारी त्याहून कमी भरली, तर खेळ रद्द. जुनी रीत आहे ही. स्टेजवर जास्त आणि खुर्च्यांत कमी झाले, तर ते नाटक नव्हे, हल्ला झाला."

"किती विकली गेलीत?"

"प्रॅट बहिणींची दोन. त्या काय, सगळंच बघतात. मागं आग विझवायच्या नळकांड्याची तपासणी झाली, तीही बसून बघितली दोघींनी. आणि आता तुझं एक. झाली तीन."

"आणि यांची मित्रमंडळी?"

"ती पहिल्याच दिवशी येऊन, रडून, गळ्यात पडून गेली."

"मग सहाही तिकिटं मीच घेतो ना!"

"मला डोकी लागतात रे, कागद नव्हे. सातला पाच कमी असताना मी वर येऊन मोजते. सहा भरली तर खेळ, नाहीतर सगळ्यांना पैसे परत आणि रामराम."

झाली पंचाईत. विल्फनं सभोवार नजर टाकली. रविवार असूनही पब ओस. कोपऱ्यातल्या टीव्हीवर फुटबॉल चालू, आणि खिडकीशी तिघेजण बसलेले. तीन! नेमकी हवी तेवढीच. विल्फनं घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली आणि त्यांच्या टेबलापाशी जाऊन खांबासारखा उभा राहिला. बोलायचं काय? शेवटी लंडनमध्ये जन्मलेल्या कुठल्याही माणसाच्या तोंडून निघालं असतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"गारठा पडलाय जरा, नाही?"

"उद्या आणखी पडणार म्हणे," त्यातला एकजण म्हणाला आणि पायानंच खुर्ची पुढं सरकवली. म्हणजे ओळख झाली.

हा डेझमंड. जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा, पोस्टमन होता, आता निवृत्त. दुसरा क्लाइव्ह, समोर कालव्यातच बोटीत राहायचा, आणि कालव्याचा थोडा वास त्याच्या कोटालाही यायचा. तिसरा टेरी, प्लंबर, दोन खुर्च्यांचा ऐवज एका खुर्चीत मावलेला.

विल्फ नाटकाचा विषय काढणार, एवढ्यात डेझमंड उठला. "मी आणतोय. तुझं काय?"

"बिटर," विल्फ नेहमीच्या कडसर बिअरचं नाव बोलून गेला. आणि बोलताक्षणीच त्याच्या लक्षात आलं, की मेलो, राउंडात सापडलो! राउंडात शिरणं सोपं, निघणं महाकठीण. एकानं सगळ्यांना पाजली, की आपली पाळी येऊन आपण सगळ्यांना पाजेपर्यंत जागचं हलायचं नाही. मधेच उठून गेला तो माणसांतून उठला. लोक बायकोला फसवणाऱ्याला माफ करतात, राउंड बुडवणाऱ्याला करत नाहीत. आता आधी तिघांची पाळी, मग विल्फची. चार पाइंट, म्हणजे चार मोठे ग्लास, पोटात रिचवल्याशिवाय सुटका नाही, आणि घड्याळ तर पुढं पळतंय.

पहिला पाइंट अर्धा झाल्यावर त्यानं हळूच पिल्लू सोडलं. "वर काहीतरी... नाटकबिटक असतं म्हणे?"

"असतं," टेरी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "सारखं कोणीतरी रडत असतं वर. पंधरा वर्षं येतोय मी इथं, वर एकदाच गेलो. पाइप फुटला होता तेव्हा."

"मी गेलो होतो ना चुकून," क्लाइव्ह म्हणाला. "एक माणूस उघडाबंब होऊन बादलीत उभा. अर्धा तास!"

"मग?"

"मग काय, बादलीतच. मी आलो खाली."

क्लाइव्हनं दुसरा राउंड आणला. विल्फ पुन्हा तोंड उघडणार, तर गोल झाला आणि टेरीनं अशी काही आरोळी ठोकली, की कालव्यातली बदकं उडाली. तिसरा राउंड टेरीचा. बारमागून ग्लेनिस विल्फकडं बघून तीन बोटं दाखवायची आणि मान हलवायची. सातला दहा कमी असताना विल्फचा तिसरा ग्लास रिकामा झाला, पोट नगाऱ्यासारखं टम्म झालं, आणि डेझमंड म्हणाला, "चला विल्फ, आता तुझी पाळी."

विल्फ बारपाशी गेला.

"चार बिटर ना?" ग्लेनिसनं ग्लास हातात घेतला.

विल्फनं घड्याळाकडं बघितलं. "बिटर नको. तीन तिकिटं द्या."

ती तिकिटं त्यानं टेबलावर आणून ठेवली, प्रत्येकापुढं एक, ग्लास ठेवावा तशी. तिघंही वाकून बघायला लागले.

"हे काय आहे?" टेरी म्हणाला.

"माझा राउंड."

"अरे डोकंबिकं फिरलं का? मॅच संपायचीय अजून!"

मग काय झालं कोण जाणे, विल्फच्या तोंडाचं कुलूपच निघालं. "वर माझी मुलगी आहे. आज शेवटचं करतेय. अकरा वर्षं करतेय आणि मी एकदाही आलो नाही. नुसता अडून बसलो, गाढवासारखा. सहा माणसं भरली नाहीत तर खेळ रद्द होणार, आणि मग मला ती कधीच..." तो टोपीशी उगीच चाळा करत राहिला.

तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसापुढं काय करायचं असतं, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. क्लाइव्ह छताकडं बघायला लागला. टेरीनं घोट घ्यायला ग्लास उचलला, तर तो रिकामा. पण राउंडचं काय करायचं असतं, हे सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं.

"टेरी," डेझमंड शेवटी गंभीरपणे म्हणाला, "समोर ठेवलेला राउंड तू कधी नाकारलायस?"

"कधीच नाही! घटस्फोट झाला त्या दिवशीसुद्धा नाही."

"मग ऊठ."

"पण ही काय प्यायची वस्तू आहे?"

"टेरी, पाजणारा जे आणेल ते घ्यायचं. चल, जिना चढ गुपचूप."

टेरीनं टीव्हीकडं एकदा असं बघितलं, जसं कोणी बोटीवरून मागं राहिलेल्या किनाऱ्याकडं बघावं. आणि उठला.

वर पोचल्यावर विल्फच्या ध्यानात आलं, की तीन पाइंट नुसते पोटात राहत नसतात. खाली जाऊन यावं म्हणून तो वळला, तर दारातच ग्लेनिस.

"हलू नका कोणी! मोजतेय मी. एक, दोन..."

आता हललो तर पाच भरणार! विल्फ खुर्चीला चिकटून बसला. प्रॅट बहिणी दोन, खालून आलेले तिघे पाच, आणि विल्फ सहा. ग्लेनिसनं अंगठा वर केला, दिवे गेले आणि तिनं बाहेरून दार ओढून घेतलं. आणि मग विल्फला दिसलं, की खोलीला दार ते एकच, आणि ते स्टेजच्या पलीकडं.

नाटक होतं हरवलं-सापडलं कार्यालयाचं. एक लाकडी काउंटर, त्यामागं चष्मा लावून बसलेली कारकून. ती ट्रूडी. तिच्यापुढं एकेक बाई यायची आणि भलतंच काही हरवल्याचं सांगायची. एकीची झोप हरवलेली, एकीचा भाऊ, एकीला लहानपणचं घर कुठल्या रस्त्यावर होतं तेच आठवत नव्हतं. ट्रूडी शांतपणे विचारायची, "काय हरवलंय? शेवटचं कुठं पाहिलं होतं?" आणि लिहून घ्यायची. विल्फला अर्धं कळलं नाही. पण पोरगी नुसतं ऐकत होती तरी सगळी खोली तिच्याकडं बघत होती, हे मात्र त्याला कळलं. बापरे, ही आपली! असं वाटून त्याचा ऊर भरून आला. शेजारी टेरी नाक पुसत होता आणि क्लाइव्हला कुजबुजत होता, "भाऊ सापडायला पाहिजे रे तिचा."

विल्फचं सगळं लक्ष मात्र दोन ठिकाणी वाटलं गेलं होतं. वर पोरगी आणि खाली तीन पाइंट. त्यानं पाय आवळले. दात आवळले. एकतीस वर्षांतले सगळे बसथांबे क्रमानं आठवून बघितले. शेवटी दोन प्रवेशांच्या मधे अंधार झाला, तशी त्यानं देवाचं नाव घेतलं आणि उठला. चार पावलांत दार गाठायचं, बस्स.

तिसऱ्या पावलाला दिवे लागले.

विल्फ बरोबर काउंटरपुढं उभा होता, टोपी हातात, गुडघे जुळवलेले. ट्रूडीनं मान वर केली. चष्म्याआडचे तिचे डोळे मोठे झाले. हातातली पेन्सिल थांबली. पुढच्या प्रवेशाला यायची ती नटी पडद्याआडून तोंड काढून बघायला लागली. प्रॅट बहिणींना हा सगळा नाटकाचाच भाग वाटत होता, आणि थोरली धाकटीला कोपरानं ढोसत होती.

ट्रूडीनं चष्मा सारखा केला. पुढ्यातला फॉर्म ओढून सरळ केला.

"काय हरवलंय आपलं?" तिनं विचारलं.

विल्फनं टोपी छातीशी धरली.

"बरं. शेवटचं कुठं पाहिलं होतं?"

"शाळेत," विल्फ म्हणाला. "नाताळच्या नाटकात. तू मेंढी झाली होतीस."

 ट्रूडीनं पेन्सिल नीट धरली. मग खाली वाकून तिनं फॉर्मवर लिहायला घेतलं, खरंच लिहायला घेतलं, सावकाश, एकेक शब्द. लिहिताना तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय हे पहिल्या ओळीतल्यांनाही सांगता आलं नसतं. तिनं फॉर्म फिरवून विल्फपुढं केला, पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"सापडलंय," ती म्हणाली. "इथं सही कर."

विल्फनं सही केली. मागून टेरीनं गोल झाल्यावर करतात तसा टाळ्यांचा कडकडाट केला, आणि डेझमंडनं त्याला गप्प बसवलं. विल्फ काउंटरवर वाकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पोरी, संडास कुठाय गं?"

"त्या दारातून बाहेर, डावीकडं," ट्रूडी डोळे पुसत म्हणाली. "कडी लागत नाही, दार धरून बस. आणि बाबा, लवकर ये. अजून अर्धं राहिलंय."