डहीच्या सुना

मी कोंबडी बोलतेय. साधीसुधी नाही हं, धारच्या गणोजींच्या अंगणातली सरदारीण! हे नाव अक्कांनी ठेवलं. अक्का म्हणजे गणोजींच्या आई. माझ्याआधी कुणी दाणा टिपला तर तिची पिसं जागेवर राहत नाहीत, म्हणून सरदारीण.

माझा जन्म याच अंगणात, पाण्याच्या टाकीमागच्या टोपलीत झाला. अंडी भरपूर दिली मी. गणोजींची लेक प्रियांका माझ्याच अंड्यांचं ऑम्लेट खाऊन कॉलेजात पोचली. ती विसरली असेल, मी नाही. हल्ली मात्र माझं अंडं आटलं. म्हणून गणोजी डही गावच्या आठवडी हाटातून तीन कडकनाथ पोरी घेऊन आले. चोच काळी, पाय काळे, तुरासुद्धा काळा.

अक्कांचं सगळं जुन्या रीतीचं. "लेकरं पहिल्यांदा उंबरा ओलांडतायत, अशीच कशी आत घ्यायची?" म्हणत त्यांनी ताट आणलं, तिघींना ओवाळलं, डोक्यावर ठसठशीत कुंकू लावलं आणि दिलं आमच्यात सोडून.

अगं बाई! लाल ठिपका दिसला की आमची चोच थांबत नाही. कुंकू की रक्त, हे बघत बसायला आम्ही काय शाळा शिकलोय? पहिली टोच माझी, मग सगळ्याच तुटून पडल्या. तिघींतल्या धाकटीच्या डोक्यातून खरंच रक्त आलं.

प्रियांका धावत आली. "अक्का, कोंबडीला कुणी कुंकू लावतं का? लाल दिखा की टोचणारच ना ये लोग!"

अक्कांचा चेहरा उतरला. गणोजींनी मात्र सगळा राग माझ्यावर काढला. "ही म्हातारी अंडं देत नाही, वर मारकुटी झालीय. अक्का, पुन्हा हिनं टोचलं ना, तर रविवारी हिचाच रस्सा!"

अक्का ताट उचलून आत निघून गेल्या. मला ते पाठ फिरवणंच जास्त लागलं.

धाकटीच्या जखमेला जांभळं औषध लागलं आणि अंगणात मधोमध जाळी उभी राहिली. आम्ही इकडे, त्या तिकडे. प्रियांका दोन्हीकडे सारखे दाणे टाकायची. आधी मी मान फुगवून जाळीवर धावायची. मग कंटाळा आला. रोज तीच तोंडं बघून माणसांचाही राग विरतो, आमचं काय घेऊन बसलात!

शनिवारी जाळी निघाली. गणोजी खुर्ची टाकून माझ्यावरच नजर ठेवून होते. धाकटी माझ्या दाण्यांपाशी आली. मी नुसते डोळे वटारले, ती बाजूला झाली. तेवढं पुरे असतं.

पण दिवेलागणीला नवीच पंचाईत. आम्ही खुराड्यात शिरलो, आणि डहीच्या पोरी चढल्या जामाच्या झाडावर. जाम म्हणजे तुमचा पेरू. भिंतीवर शेजारचा बोका टपून बसलेला. गणोजी काठी हलवत "उतरा, उतरा" ओरडत होते, तशा त्या आणखी वर जात होत्या.

मला राहवलं नाही. रश्श्याची भीती होतीच; पण माझ्या अंगणातून बोक्यानं पोर उचलली, तर मला सरदारीण कोण म्हणेल? मी झाडाखाली गेले आणि पिल्लांना घालतात तशी साद घातली, कुक् कुक् कुक्. किती वर्षांनी तो आवाज गळ्यातून निघाला! धाकटी आधी उतरली, मग बाकीच्या. मी पुढे, त्या मागे. खुराड्यात धाकटी माझ्या अंगाला चिकटून बसली, आणि मी तिला बसू दिलं.

"पाहिलंत गणोजी?" अक्का म्हणाल्या, "घरात सासू लागतेच."

रविवारी मोठं पातेलं चढलं. मी टाकीमागे दडून बघत होते, खोटं कशाला बोलू? मग झाकण निघालं. आत बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, उकळत होते.

तुम्हीही नव्या कोंबड्या आणा, जरूर आणा. पण आधी जाळी लावा, दाणे दोन जागी टाका, आणि कुंकू माणसांच्या सुनांसाठी ठेवा. अंडं न देणाऱ्या म्हातारीकडे पातेलं घेऊन बघू नका, एवढंच मागणं.

चला, दिवे लागले. धाकटी पुन्हा जामावर चढून बसलीय, आणि मी बोलावल्याशिवाय ती काही खाली यायची नाही.